मावशीच्या लाटा

आमच्या किनाऱ्यावर लाट फुटांत मोजत नाहीत, अंगावर मोजतात. घोटा, गुडघा, कंबर, छाती, डोकं. डोक्याच्या वर गेली की दीड पुरुष, त्याच्याही वर गेली की दोन पुरुष. त्यापुढे मोजायला कुणी थांबत नाही. रोज उजाडताना टेकाडावरच्या लाकडी केबिनमधून भोंग्यावर एका बाईचा आवाज यायचा, "लाटा छातीएवढ्या. वारा जमिनीकडून, हलका. ओहोटी लागली आहे. मोडक्या धक्क्याजवळ पाण्याला ओढ आहे, तिकडे उतरू नये." हाच आवाज फोनवरही ऐकायला मिळायचा. लांबची पोरं अंथरुणातूनच नंबर फिरवायची आणि उठायचं की कूस बदलायची ते ठरवायची.

हा आवाज वाढीवमावशीचा. मावशी सगळ्यांची, आणि वाढीव का, ते किनाऱ्यावर पहिल्याच दिवशी कळायचं. मावशी छाती म्हणाली की पोरं सर्फिंगच्या बोर्डाला मेण चोळता चोळता म्हणायची, "चला, कंबर आहे." ती कंबर म्हणाली की गुडघा. ती रोज, न चुकता, एक पायरी वाढवून सांगायची आणि सगळा किनारा रोज, न चुकता, एक पायरी कमी करून ऐकायचा. नव्या माणसाला आधी मुतारी कुठे आहे ते दाखवत आणि मग मावशीतून एक वजा करायला शिकवत. माझं बोर्ड दुरुस्तीचं दुकान केबिनच्या बरोबर खाली. फायबर घासण्याच्या धुळीत आणि रेझिनच्या वासात मी तिचा आवाज वर्षानुवर्षं फुकटात ऐकला आहे.

तिला दिसत नव्हतं असं कुणी समजू नये. आमचा किनारा उघडा. पुढे बेट नाही, बाजूला डोंगर नाही, खाडीचा आडोसा नाही. समुद्राच्या पोटात जे काही चाललेलं असेल ते थेट आमच्या दारात येऊन फुटतं. पाण्याखाली वाळूचे दांडे आहेत, त्यांच्यावर लाट उभी राहते, आणि हे दांडे एका वादळात इकडचे तिकडे होतात. काल जिथे कमरेएवढ्या पाण्यात म्हातारी माणसं डुंबत होती तिथे आज ओढ असते. म्हणून कालचं ज्ञान इथे आज चालत नाही, रोज नव्यानं बघावं लागतं. आणि मावशी बघायची. चहाचा कप हातात थंड होईपर्यंत ती खिडकीत उभी असायची, कारण लाटा रांगेनं येतात आणि सगळ्यात मोठी रांग येईपर्यंत थांबायचं असतं. तिला नेमका गुडघा दिसायचा. मग ती माइक हातात घ्यायची आणि कंबर म्हणायची.

मी एकदा विचारलं, "ताई, दिसतं एक आणि सांगता एक, हे काय आहे?"

"दिसतं ते आत्ताचं," ती म्हणाली. "लोक उतरणार तासाभरानं. तोवर वाढलं म्हणजे? तुम्ही जबाबदार का भाऊ?"

खरं कारण वेगळं होतं आणि ते मला माहीत होतं. नोकरीच्या सुरुवातीला ती जसं दिसेल तसं सांगायची. एका सकाळी कंबर दिसली, कंबर म्हणाली. सुट्टीवर आलेला एक शाळामास्तर बायकोला गंमत दाखवायला लाटेत डोक्याकडून घुसला. ओहोटीनं दांडा वर आला होता. मास्तरची मान मोडली. मावशीची त्यात तीळभर चूक नव्हती, तसं सगळ्यांनी तिला सांगितलंही. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं एक पायरी चढवली ती कायमची. लांडगा आला रे आला ही गोष्ट मला कुणी ऐकवू नये. त्या गोष्टीतला पोरगा मजा बघायला ओरडत होता. हिची तर झोप उडालेली होती.

हे खूळ घरातही शिरलं. लाँड्रीवरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची मुलगी राहायच्या. घड्याळ पुढे, हे तर बऱ्याच घरांत असतं. पण अंगात कणकण असली तरी मावशी म्हणणार, पोरगी तापानं फणफणली आहे. बस सुटायला अवकाश असला तरी ती म्हणणार, बस निघालीसुद्धा. मुलगी हसून सांगायची, "काका, आमच्याकडे जेवायला चला म्हणजे आईनं आत्ता गॅस पेटवलाय." मावशीचा नवरा बोटीवर आचारी होता. तो एकदा गेला तो परत आलाच नाही. त्याबद्दल मात्र तिनं कधी अक्षर वाढवून सांगितलं नाही. कमीच सांगितलं.

मुलीला ती चिमणी म्हणायची, आणि ही चिमणी वाढली ती पाण्यातच. पुढे तिनं नवख्यांना सर्फिंग शिकवायचं काम धरलं. जिला समुद्राची धडकी, तिचीच पोर दिवसभर समुद्रात! त्यावरून दोघींची भांडणं व्हायची, आणि लाकडाच्या जिन्यावरून ती आम्हा सगळ्यांना ऐकू यायची.

"माझं ऐकशील तर शपथ!" मावशी ओरडायची.

"ऐकते ना आई. फक्त एक पायरी कमी ऐकते," असं चिमणीचं उत्तर ठरलेलं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. वाढवणारी वाढवत होती, कमी करणारे कमी करत होते, आणि मधल्या हिशेबात कुणी बुडत नव्हतं. मग मावशीच्या हवामान कार्यालयात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे माझा तोल जाणार आहे. त्यांनी खोल पाण्यात एक तरंगतं यंत्र सोडलं. ते यंत्र लाटांची उंची मोजून कार्यालयात पाठवायचं. काही आठवड्यांनी त्यांनी मावशीला बोलावलं. छताला ओल आलेली ती खोली, दाराशी टांगलेले ओले रेनकोट. साहेबांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. खाली यंत्राची, वर मावशीची. दोघींत सगळीकडे सारखंच अंतर.

"मावशी, तुम्ही चुकता तरी किती नेमक्या!" असं म्हणून ते हसले. मग म्हणाले, "आता हे बंद. सोमवारपासून जे दिसेल तेच सांगायचं. नाहीतर यंत्राचाच आकडा भोंग्यावर लावावा लागेल."

"सांगीन," मावशी म्हणाली. "पण साहेब, आधी तुम्ही जाहीर करा. लोकांना सांगा, आता वजा करू नका म्हणून."

"म्हणजे इतकी वर्षं कार्यालय चुकीचं सांगत होतं, हे आपणच कबूल करायचं?"

"चुकीचं मी सांगत होते. माझं नाव घ्या."

"वरून विचारणा होईल, मावशी."

"वर बसलेले पाण्यात उतरत नाहीत, साहेब."

"लोकांना आपोआप कळेल दोन दिवसांत," साहेब म्हणाले, आणि बजावलं की भोंग्यावर हवामानाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही.

ती तिथून थेट माझ्या दुकानात आली आणि हे सगळं मला सांगितलं. माझं टाळकंच सटकलं. आपोआप कळेल! समुद्रावर आपोआप जे कळतं ते कुणाला तरी इजा होऊनच कळतं, एवढी साधी गोष्ट त्या खोलीतल्या शहाण्याला कळू नये? पण मावशी रागावली नव्हती. ती घाबरली होती. तिनं स्टुलावर बसकण मारली आणि म्हणाली, "भाऊ, मी कंबर म्हणाले की हे गुडघा समजणार. आणि खरंच कंबर असणार. छातीचं एक वेळ निभेल. पण मोठा समुद्र आला तर? आणि चिमणी रोज पाण्यात असते."

मग ती घरोघर निघाली. चहावाला, मासे विकणाऱ्या बायका, जीवरक्षक, बोर्ड भाड्यानं देणारा, प्रत्येकाला गाठून तिनं सांगितलं, "आता मी वाढवत नाही हं. जे म्हणते तेच धरा." पोरांनी काय केलं? पोरं हसली. एकजण म्हणाला, "मावशी, अजिबात वाढवत नाही म्हणजे थोडंसं कमी वाढवता, असंच ना?" सगळे खिदळले. पालथ्या घड्यावर पाणी! तिचा शब्द ऐकून त्यातून थोडं कमी करायची सवय इतकी मुरली होती की 'कमी करू नका' हा शब्दही त्यांनी कमी करूनच घेतला. मला त्या पोरांच्या कानाखाली जाळ काढावासा वाटत होता, पण कोणाकोणाच्या काढणार?

चिमणीशी ती माझ्यासमोरच बोलली. चिमणीच्या बोर्डाचं शेपटाकडचं पातं तुटलं होतं, ते द्यायला दोघी आल्या होत्या.

"चिमणे, माझ्याकडे बघ," मावशी म्हणाली. "मी आता वाढवत नाही. साहेबांनी बंद केलंय."

"बरं."

"बरं नको. समजलं म्हण."

"समजलं, आई. अगं, पण तू घड्याळ मागे घेतलंस का? ताप मोजून सांगायला लागलीस का? कालच म्हणालीस घरातलं दूध संपलं, आणि अर्धं पातेलं भरलेलं होतं." तिनं आईच्या खांद्यावर हात टाकला. "तुला जमणार नाही गं. तुझा जीवच वाढीव आहे."

त्या संध्याकाळी मावशीनं घड्याळ बरोबर लावलं, आणि दुसऱ्या दिवशी चिमणी कामावर उशिरा पोहोचली, कारण तिनं सवयीनं वेळ वजा केली होती. त्यावरही दोघी हसल्याच. घरात एवढ्यावर भागलं.

दिवसही नेमके संथ होते. समुद्र कधी घोटा, कधी गुडघा. अशा दिवसांत बोर्ड घराबाहेरच निघत नाहीत, तेव्हा मावशीचा गुडघा खरा की वाढीव हे कुणी तपासायला गेलं नाही. साहेब खूश, त्यांच्या दोन्ही रेघा आता एकमेकींवर बसत होत्या. मावशी मात्र वाळत चालली. जिना उतरताना कठडा धरू लागली. मला म्हणायची, "मोठा समुद्र यायच्या आत एखादा मधला यावा, भाऊ. छातीएवढा. म्हणजे कुणी आपटेल, चार घोट खारट पाणी पिईल आणि शहाणं होईल." कुणीतरी थोडंसं आपटावं म्हणून प्रार्थना करणारी ती एकटीच बाई मी पाहिली.

मधला समुद्र आला नाही. थेट मोठाच आला.

त्या सकाळी आमच्या डोक्यावर एक ढग नव्हता. वादळ कुठेतरी फार लांब झालं होतं, त्याच्या लाटा तेवढ्या चालत आल्या होत्या. वारा जमिनीकडून, मतलई. असा वारा लाटेला समोरून थोपवतो, ती लगेच कोसळत नाही, उंच आणि गुळगुळीत उभी राहते. बघणाऱ्याला भूल पडते. आणि लांबून आलेल्या लाटांची आणखी एक खोड असते. एक रांग येते, सगळं हादरवून जाते, आणि मग बराच वेळ काही नाही. पाणी तळ्यासारखं. या खंडात येऊन उभं राहिलेल्या माणसाला वाटतं, कुठे काय आहे?

चिमणी बोर्ड न्यायला माझ्या दुकानात आली आणि तेवढ्यात भोंगा वाजला. "लाटा दीड पुरुष. दोन रांगांच्या मध्ये मोठा खंड आहे, त्याला फसू नये. पाण्यात उतरू नये." मग थोडं थांबून, "लाटा दीड पुरुष. खरोखर दीड पुरुष."

ती कधी काही दोनदा सांगत नसे. बाहेर पोरांनी तिची नक्कल केली, "खरोखर, खरोखर!"

पुढे तिनं मला सांगितलं की माइक हातात घेतला तेव्हा जिभेच्या टोकावर 'दोन पुरुष' आले होते. वाढवलं असतं तर पोरांनी वजा करून दीडच धरले असते, आणि दीडला कुणी उतरलं नसतं. पण इतके दिवस दारोदार फिरून जे सांगितलं ते मग खोटं ठरलं असतं, आणि ज्या एकदोघांनी विश्वास ठेवला असेल त्यांचाही कायमचा उडाला असता. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं दिलेला शब्द पाळला. लाल बावटा लावायचं काम जीवरक्षकांचं, आणि ते अजून यायचे होते.

"दीड पुरुष म्हणे!" चिमणीनं दारातून बाहेर पाहिलं. समोर खंड चालू होता, पाणी निवांत. "म्हणजे डोक्याएवढ्या. काका, कित्येक दिवसांत डोकं मिळालं नाहीये."

"पोरी, ती हल्ली वाढवत नाही म्हणते," मी म्हणालो.

"म्हणते ना," ती हसली आणि बोर्ड काखेत मारून निघाली.

बाकीची पोरं अजून मेण लावत होती. ती एकटीच पुढे गेली. दांड्याच्या पलीकडे पोहोचायला तिला वेळ लागला नाही, अडवायला लाटच नव्हती. ती बोर्डावर बसली आणि मी क्षितिजाकडे पाहिलं. तिथे पाण्यावर एक काळी रेघ उमटली होती, आणि तिच्यामागे दुसरी.

वर केबिनमधून मावशीला ती रेघ आमच्या आधी दिसली. भोंगा खरखरला आणि साहेबांनी घातलेला नियम तिनं मोडला.

"चिमणे! बाहेर ये! चिमणे, मागे बघ!"

सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं. चिमणीनंही ऐकलं, पण पुरतं नाही, वारा आमच्याकडून तिच्याकडे होता तरी पाण्याचा आवाज होताच. तिला आईचा आवाज तेवढा कळला. ती केबिनकडे वळली आणि तिनं हात वर केला. बरं, बरं, ऐकलं, असा. जन्मभर आईला दाखवला तसाच हात. आणि तो दाखवण्यासाठी तिनं समुद्राकडे पाठ केली.

पहिली लाट दांड्यावर उभी राहिली तेव्हा तिच्यापुढे चिमणी बाहुलीएवढी दिसत होती. लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कोसळली. चिमणी वरून खाली आली ती कमरेएवढ्या पाण्यात, थेट वाळूवर. ज्या पोरांनी नक्कल केली होती त्यांनीच धावत जाऊन तिला ओढून काढलं, एवढं त्यांच्या बाजूनं मी सांगेन. मावशी टेकाडावरून चपला न घालता आली. ती रडली नाही, ओरडली नाही. पोरीच्या पायाला चिमटा काढत राहिली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली. चिमणी म्हणाली, "आई, काही करते आहेस का तू?"

हॉस्पिटलात मी मावशीबरोबर होतो, दुसरं होतं कोण? डॉक्टरीण तरुण होती, दमलेली होती. आम्हाला कॉरिडॉरमध्ये खिडकीशी नेऊन तिनं सगळं नीट सांगितलं. मणक्याला मार आहे. सूज उतरेपर्यंत काही कळणार नाही. चालेल किंवा चालणार नाही.

"साधारण?" मावशीनं विचारलं. "साधारण काय धरायचं?"

"साधारण असं यात काही नसतं," डॉक्टरीण म्हणाली. "मी खोटी आशा दाखवणार नाही. आणि नाहीही म्हणणार नाही."

मावशी तिथेच उभी राहिली. बोटांनी खिडकीच्या चौकटीवरचा पोपडा सोलत होती. मी म्हणालो, आत्ता आत नको जाऊ या. तिनं मान हलवली आणि गेलीच.

चिमणी जागी होती. मान पट्ट्यात, नजर छताला. आईची चाहूल लागली तशी म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाल्या?"

मावशी खाटेशी वाकली, म्हणजे तिचा चेहरा पोरीला दिसेल.

"चालशील म्हणाल्या."

"आई, आहे तसं सांग."

"आहे तसंच सांगतेय. वेळ लागेल. पण चालशील."

मी दाराशी उभा होतो. आयुष्यभर त्या बाईनं फक्त भीती वाढवून सांगितली होती, चांगलं असं काही कधी वाढवलं नव्हतं. मला वाटलं, आता पोरगी हसणार, म्हणणार, तू आणि आहे तसं! मला ती हसायला हवी होती, देवाशपथ. चिमणी आईच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले, चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि ती म्हणाली, "बरं झालं गं. मला वाटलं होतं संपलं सगळं." थोड्या वेळानं तिला झोप लागली.

मावशी बाहेर आली आणि बाकावर बसली. मी शेजारी बसलो. समोरून औषधांची ढकलगाडी गेली, तिला वाट द्यायला आम्ही दोघांनी पाय मागे घेतले.

"भाऊ," ती म्हणाली, "तिनं सगळंच्या सगळं खरं मानलं हो." आणि मग इतक्या वेळानं तिला रडू फुटलं.